एकतीस तारखेत एक महिना मिळवला तर

कॅलेंडर आणि गाळणी यांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं होतं. ही दोन्ही नावं ऑफिसातली. आकडेवारीच्या विभागात तारखांचं किचकट काम निघालं की ते त्याच्या टेबलावर यायचं, म्हणून तो कॅलेंडर. आणि कुणाच्याही कोडमधला बारीकसा खडा तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून ती गाळणी. त्याच ऑफिसात ओळख झाली, लग्न झालं, मुलगी झाली, आणि मग एके दिवशी दोघांच्या लक्षात आलं की आपल्याला एकमेकांचा चहा ढवळण्याचा आवाजसुद्धा सहन होत नाही. घटस्फोट झाला. गाळणी दुसऱ्या कंपनीत गेली. राहता राहिली नऊ वर्षांची मुलगी. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी बसायचीच नाही.

वाटणी तशी सरळ होती. महिन्याचा पहिला पंधरवडा आईकडे, दुसरा बापाकडे, आणि महिनाअखेरीला संध्याकाळी पाच वाजता आईने येऊन मुलीला घेऊन जायचं. साध्या माणसांनी भिंतीवर टांगलेल्या फुकटच्या कॅलेंडरवर पेनाने गोल काढला असता आणि विषय मिटला असता. पण ही साधी माणसं नव्हती. ही शिकलेली माणसं होती. महिनाअखेर म्हणजे नेमकं काय, रविवार आला तर काय, शाळेची सहल आली तर काय, यावर त्यांनी वकीलबाईंच्या खोलीत इतक्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या की वकीलबाईंनी शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही दोघं दिवसभर तारखांचे हिशेब करायचा पगार घेता ना?" त्या म्हणाल्या. "मग तुमच्याच भाषेत लिहा काय ते. मला मराठी ऐकवू नका."

तेव्हा त्याने प्रोग्राम लिहिला आणि तिने तो तपासून मंजूर केला. प्रोग्राम मागच्या नेण्याच्या तारखेत एक महिना मिळवायचा आणि नवी तारीख आली की तिघांना मेसेज पाठवायचा: बापाला, आईला, आणि भिंगरीच्या टॅबवर. मेसेज यायचा तो त्याच दिवशी दुपारी. आदल्या दिवशी कळवलं असतं तर भांडायला अख्खी रात्र मिळाली असती. करारात एकच वाक्य ठळक होतं: प्रोग्राम सांगेल ती तारीख, आणि त्यात बदल करायचा तर दोघांची मंजुरी लागेल.

पहिल्यांदा गाळणी भिंगरीला न्यायला आली ती जानेवारीच्या एकतीसला. दुसऱ्यांदा फेब्रुवारीच्या अठ्ठावीसला. दोन्ही वेळा सगळं सुरळीत पार पडलं, म्हणजे कुणी कुणाशी एक शब्द बोललं नाही.

आज मार्चची अठ्ठावीस होती, शनिवार. कॅलेंडरने सोमवार-मंगळवारची रजा टाकली होती, कारण भिंगरीची खोली रंगवायचा बेत होता. रंग तिनेच निवडला होता, कच्च्या कैरीच्या सालीसारखा हिरवा. सकाळपासून दोघांनी मिळून पलंग खोलीच्या मधोमध ओढला, कपाटावर जुन्या चादरी टाकल्या, खिडकीच्या कडांना चिकटपट्टी लावली. रोलर कसा धरायचा ते त्याने दाखवलं आणि तिने पहिला पट्टा असा मारला की अर्धा रंग तिच्याच कोपरावरून ओघळला. ती हसली. कॅलेंडरला फार बरं वाटलं. आई-बाप वेगळे झाल्यापासून ती त्याच्या घरात अशी आपलं घर असल्यासारखी हसली नव्हती. आज, उद्या, परवा आणि एकतीसचा अर्धा दिवस, एवढ्यात चारही भिंती होतील असा त्याचा हिशेब होता.

दुपारी टॅब वाजला. भिंगरीने फडक्याला हात पुसले, वाचलं, आणि रोलर डब्याच्या काठावर आडवा ठेवून दिला.

"काय गं?"

"आज आईकडे," ती म्हणाली.

"छे, आज अठ्ठावीस."

तिने टॅब त्याच्यासमोर धरला. मेसेज स्पष्ट होता. कॅलेंडरने आपला फोन काढला. तिथेही तेच. तोवर भिंगरी कोपर धुवायला गेली होती. ती परत आली तेव्हा तिने बाहेरचे कपडे घातले होते आणि पाठीला दप्तर होतं. हॉलमध्ये दाराजवळच्या खुर्चीवर ती बूट घालून बसली, पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिला विचार आला तो हाच, की बयेने काहीतरी घोळ केला. तीन दिवस ढापायला निघाली. त्याने लॅपटॉप उघडला, प्रोग्रामला हात कुणी लावला ते बघितलं. कुणीच लावला नव्हता. जानेवारीपासून एक अक्षर बदललं नव्हतं. मग त्याने तारखेची ओळ वाचली, आणि पुन्हा एकदा वाचली.

ती ओळ त्याचीच होती. एकतीस जानेवारीत एक महिना मिळवला तर एकतीस फेब्रुवारी येते, आणि असली तारीख जगात नाही. तेव्हा यंत्र गुपचूप मागे सरकतं आणि अठ्ठावीसवर येऊन बसतं. इथवर ठीक. पण पुढच्या खेपेला प्रोग्राम त्या अठ्ठावीसमध्येच महिना मिळवतो. आपण मुळात एकतीसवरून निघालो होतो हे त्याच्या गावीही नसतं. आता मार्च असो, एप्रिल असो, डिसेंबर असो, मुलगी अठ्ठावीसलाच जाणार. एकदा मागे सरकलेला पाय पुन्हा पुढे येतच नाही. दरवेळी पहिल्या तारखेपासून मोजायला हवं होतं: एकतीस जानेवारी अधिक एक महिना, एकतीस जानेवारी अधिक दोन महिने, असं. ऑफिसात नव्याने येणाऱ्या पोरांना तो हे पहिल्याच आठवड्यात शिकवायचा, फळ्यावर, हसत हसत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घरचा प्रोग्राम लिहिताना त्याने फेब्रुवारीपर्यंत चालवून बघितला होता, अठ्ठावीस तारीख बघून खूश झाला होता, बघा कसा शहाणा आहे, आणि लॅपटॉप मिटला होता. त्या दिवशी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिला दाखवून द्यायची घाई होती.

पाच वाजायला आले तसे जिन्यावर चपलांचे आवाज आले. गाळणी कधीच उशीर करत नसे. ही तिची आणखी एक खोड, जी त्याला लग्नाआधी फार आवडायची.

त्याने दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"आज नाही," तो म्हणाला. "प्रोग्राममध्ये चूक आहे. एकतीसला ये."

"चूक आहे ते मला माहीत आहे," गाळणी म्हणाली. "चल गं भिंगरी."

"माहीत आहे म्हणजे?"

"म्हणजे माहीत आहे. तपासायला तूच दिला होतास ना? मला काय आकडे वाचता येत नाहीत?"

"आणि मूग गिळून बसलीस? दर महिन्याला माझे दोन-तीन दिवस जाणार हे दिसत असून?"

"बसले नव्हते!" तिचा आवाज चढला. "वकीलबाईंच्या खोलीबाहेर, त्या बाकावर, मी तुला म्हटलं की ती महिन्याची ओळ जरा बघ. तू काय म्हणालास? हो की नाही एवढंच बोल. मी म्हटलं, अरे, पुढच्या महिन्यात… तू म्हणालास, माझ्या कोडमध्ये नाक खुपसायची तुझी सवय गेली नाही अजून. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर कानाला फोन लावून उठून गेलास. मग म्हटलं, हो तर हो. घे, मंजूर. करावं तसं भरावं."

त्याला तो बाक आठवला. फोन आठवला. फोनवर कुणीच नव्हतं हेही आठवलं. लाज वाटायला हवी होती आणि ती वाटलीही, पण लाज वाटली की माणूस गप्प बसतोच असं नाही. पुष्कळदा तो जास्त ओरडतो.

"म्हणून मुलीचे दिवस चोरशील? बोलता येत नव्हतं तर लिहून कळवायचं!"

"मी कशाला लिहू? मला ते दिवस मिळत होते. मला नको आहेत का?" ती म्हणाली. "खरं सांगू? फेब्रुवारीत जिना उतरताना मला आनंद झाला. पुढच्या महिन्यात ह्याची कशी जिरते ते बघू, म्हटलं. आता ऐकून घे आणि बाजूला हो."

वरच्या मजल्यावर कुणीतरी दार किलकिलं केलं. दोघांनी एकदमच वर बघितलं आणि ते दार बंद झालं. निदान शेजाऱ्यांवर डोळे वटारण्यात त्यांचं अजून एकमत होतं.

"करारात महिनाअखेर लिहिलंय," तो दात आवळून म्हणाला.

"करारात प्रोग्राम सांगेल ती तारीख असंही लिहिलंय. ठळक अक्षरात. तूच हट्टाने लिहून घेतलंस, कारण माझ्या शब्दावर तुझा भरवसा नव्हता. दुरुस्त करायचा तर कर, मी मंजुरी देईन, पुढच्या महिन्यापासून. आज अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस."

"खोलीत पलंग मधोमध पडलाय. अर्धी भिंत ओली आहे."

"मग तुझा तू झोप त्या पलंगावर."

कॅलेंडर मागे वळला. त्याला वाटलं, हुकमाचा पत्ता आपल्या हातात आहे. "भिंगरे, तूच सांग. तुला राहायचंय ना? आपली भिंत करायची आहे ना?"

भिंगरी खुर्चीवरून उठली नाही. तिने आधी बापाकडे बघितलं, मग टॅबकडे.

"मेसेज आजचा आहे," ती म्हणाली.

"मेसेज चुकलाय, राणी."

"मेसेज चुकत नाही. तूच म्हणाला होतास. म्हणाला होतास, आईचं ऐकू नकोस, माझं पण ऐकू नकोस, मेसेज बघ."

खरं होतं. मागच्या वर्षी, सगळं कोर्टात असताना, हा म्हणायचा उद्या आई येणार, ती म्हणायची तुझा बाबा परवा म्हणालाय, आणि या उद्या-परवाच्या मध्ये भिंगरी एकदा दप्तर पाठीला लावून जिन्याच्या पायरीवर अंधार पडेपर्यंत बसली होती. त्यानंतर दोघांनी तिला समोर बसवून हे शिकवलं होतं. शिकवताना दोघांनाही आपण किती समजूतदार आई-बाप आहोत असं वाटलं होतं.

गाळणीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. कॅलेंडरने ते बघितलं. एकेकाळी त्या हसण्यासाठी तो ऑफिसात उगाच तिच्या टेबलावरून तीन-तीन चकरा मारायचा. आत्ता त्याला ते ओरबाडून काढावंसं वाटलं.

"बघितलंस?" ती म्हणाली. आणि मग, जिंकलेल्या माणसाला जो मोठेपणा सुचतो तो तिला सुचला. ती मुलीसमोर वाकली. "भिंगरे, हे बघ. तुला भिंत रंगवायची असेल तर राहा तू. मी सांगते ना. मी एकतीसला येईन न्यायला."

भिंगरीने मान हलवली. नाही म्हणून.

"अगं, मी स्वतः सांगतेय."

"मी पायरीवर बसले होते तेव्हा पण तू सांगितलं होतंस येते म्हणून," भिंगरी म्हणाली. "मेसेज नाही आला एकतीसचा."

गाळणी वाकलेली तशीच राहिली. हसू गेलं होतं. मुलीच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. दुकानदार सुट्टे नाहीत म्हणतो तशी ती बोलत होती. कॅलेंडरला क्षणभर बरं वाटलं, की चला, हिलाही बसली एक. आणि त्या बरं वाटण्याची त्याला लगेच किळस आली.

"लॅपटॉप आण," गाळणी ताठ होत म्हणाली. "आत्ता दुरुस्त कर. आजपासून. मी मंजुरी देते."

दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले, मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून. मग पडद्यावरचं दिसेना म्हणून तिला त्याच खुर्चीवर सरकावं लागलं. तिच्या केसांना तोच जुना साबण होता. त्याने नाक दुसरीकडे वळवलं आणि ओळ बदलली.

"मूळ तारखेपासून मोज," ती म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

"शिकवायची वेळ आली आहे म्हणून शिकवतेय. फक्त मार्च नको दाखवूस. सगळ्या काढ. शेवटपर्यंत. तुझ्या कोडवर माझा विश्वास नाही."

"आणि माझा तुझ्या मंजुरीवर नाही."

"छान. काढ."

त्याने प्रोग्राम चालवला. तारखा एकाखाली एक पडद्यावर उतरल्या: मार्चची एकतीस, एप्रिलची तीस, मेची एकतीस. गाळणी एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत होती, ओठ हलवत, अगदी पूर्वी ऑफिसात वाचायची तशी. लीप वर्षाचा फेब्रुवारी तिने दोनदा बघितला. बरोबर होता. ती काही बोलली नाही. गाळणीकडून शाबासकी म्हणजे एवढंच, हे त्याला माहीत होतं.

भिंगरी कधी उठून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नाही.

"ह्या सगळ्या माझ्या?" तिने विचारलं.

"हो, तुझ्याच," कॅलेंडर म्हणाला. त्याला वाटलं, आता तिला दिसेल किती नीट केलंय ते. "हे बघ, ही आत्ताची. एकतीस. आहे की नाही?"

तिने त्या ओळीकडे बघितलंच नाही. तिने हात पुढे केला आणि बोटाने पडदा वर सरकवला. तारखा भराभर पळाल्या. वर्षं बदलत गेली. मग त्या संपल्या आणि खाली कोरी जागा आली.

"ही शेवटची का आहे?"

"तेव्हा तू अठरा वर्षांची होशील," गाळणी म्हणाली. "तुझ्या जन्मतारखेत अठरा वर्षं मिळवली की तिथे हे थांबतं."

"मग पुढे मेसेज येणार नाही?"

"नाही. मग तू मोठी. मग तुला वाटेल तिथे राहायचं. कुणी तारीख ठरवायची नाही."

भिंगरीने थोडा विचार केला. शाळेच्या सुट्टीबद्दल विचारावं इतक्या सहज तिने विचारलं, "मग तेव्हा दोघांकडेही नाही राहिले तरी चालेल?"

कॅलेंडरने गाळणीकडे बघितलं. गाळणीने कॅलेंडरकडे बघितलं. गेल्या दोन वर्षांत ते एकमेकांकडे बघत होते ते नेम धरण्यासाठी. आत्ता दोघंही दुसऱ्याने काहीतरी बोलावं म्हणून बघत होते.

"चालेल ना?" भिंगरीने पुन्हा विचारलं.

"हो," गाळणी म्हणाली. "चालेल."

"बरं," भिंगरी म्हणाली आणि परत खुर्चीवर जाऊन बसली.

त्याने मंजुरीचं बटण दाबलं. मग तिने दाबलं. बदललेल्या तारखेचा मेसेज लगेच सुटला; दोन फोन आणि टॅब एकदम वाजले. भिंगरीने मेसेज उघडून पुन्हा नीट वाचला, एकतीस असं तोंडातल्या तोंडात म्हणाली, आणि बूट काढले. गाळणीने मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला, तो दप्तर काढून घेतल्यासारखा करून खाली आणला, आणि जिना उतरली. चपलांचा आवाज मधल्या वळणावर थांबला. बराच वेळ थांबला. मग खाली गेला.

कॅलेंडर जिंकला होता. त्याचे दिवस त्याला मिळाले होते, या महिन्याचे आणि पुढच्या सगळ्या महिन्यांचे. तो रंगाच्या खोलीत गेला. भिंगरीने बाह्या सरसावल्या होत्या आणि रोलर डब्यात बुडवला होता. सकाळचा पट्टा सुकायला लागला होता. तिने त्याच्या शेजारी दुसरा मारला, या वेळी सरळ, न सांडता. कॅलेंडर तिच्या मागे ब्रश धरून उभा राहिला. काहीतरी गमतीचं बोलावं असं त्याला फार वाटत होतं.

"बाबा," तीच म्हणाली, भिंतीकडे तोंड करून.

"काय गं?"

"ती शेवटची तारीख परत सांग ना. मला पाठ करायची आहे."

त्याने सांगितली. दिवस, महिना, वर्ष. तारीख अगदी बरोबर होती, त्यात कुठेच चूक नव्हती. गाळणीने स्वतः तपासली होती.